इराणचे तेल सोडले, रशियाचे का नाही? ऊर्जेची गरज आणि भारताचे परराष्ट्र धोरण

प्रश्न असा आहे की, आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणणाऱ्या भारताचे परराष्ट्र धोरण शेवटी तेलच ठरवते का. आणि तसे असेल, तर २०१९ मध्ये अमेरिकेने डोळे वटारताच इराणचे जवळचे आणि सवलतीचे तेल सोडून देणारा भारत २०२२ नंतर त्याच अमेरिकेच्या नाराजीतही रशियाचे तेल कसा घेत राहिला. शिवाय, पुढे सौरऊर्जा ही सर्व चिंता संपवेल का, असेही विचारले आहे. माझ्या नोकरीचा मोठा भाग कच्च्या तेलाची खरेदी, त्याचे करार आणि जहाजे ठरवणे यांत गेला. त्यामुळे माझे उत्तर खरेदीच्या टेबलावरून दिलेले आहे, आणि मुत्सद्द्यांना ते थोडे कोरडे वाटण्याची शक्यता आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गरज किती मोठी आहे यावरून परराष्ट्र धोरणावर तिचा किती ताण येईल हे कळत नाही. उद्या पुरवठादार बदलायचे ठरवले तर किती दिवस लागतील, किती पैसा जाईल आणि किती नवे बांधकाम करावे लागेल, हे विचारल्यावर ते कळते. या कसोटीवर कच्चे तेल, ज्याची चर्चा सर्वांत जास्त होते, बरेचसे मोकळे आहे. स्वयंपाकाचा गॅस, जहाजाने येणारा नैसर्गिक वायू आणि अणुभट्टीचे इंधन तितके मोकळे नाहीत, आणि भारताच्या परराष्ट्र धोरणाची खरी कसोटी बहुधा तिथेच लागलेली आहे.

तेल मोकळे का, हे समजण्यासाठी खरेदी कशी होते ते पाहावे लागेल. भारत वर्षाला साधारण २३ ते २४ कोटी टन कच्चे तेल आयात करतो. त्यातला बराच भाग सार्वजनिक कंपन्या सौदी अरेबिया, इराक, अमिरात, कुवेत यांच्या राष्ट्रीय कंपन्यांशी वर्षभराचे मुदत करार करून घेतात. किती जहाजे कोणत्या महिन्यात उचलायची ते दर महिन्याला कळवायचे असते आणि तेलाचा दर विक्रेता देशाची कंपनी बहुधा ओमान-दुबईसारख्या आधारभूत तेलांच्या सरासरीवर अधिक-उणे करून जाहीर करते. उरलेले तेल निविदा काढून त्या त्या वेळच्या बाजारात घेतले जाते. प्रत्येक रिफायनरीचे नियोजन खाते महिन्याआधी हिशेब मांडते की कोणत्या तेलातून डिझेल किती निघेल, पेट्रोल किती, गंधक किती काढावे लागेल, आणि वाहतूक धरून कोणते तेल पोटाला परवडेल. आखातातून पश्चिम किनाऱ्यावर जहाज आठवड्याच्या आत येते, बाल्टिक समुद्रातून महिन्याच्या आसपास लागतो, अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून केप ऑफ गुड होपला वळसा घालून आले तर त्याहूनही अधिक. या हिशेबात पंतप्रधानांच्या दौऱ्याला रकाना नसतो.

मात्र हा हिशेब मोकळेपणाने करता यावा यासाठी रिफायनरी तशी असावी लागते. १९५० च्या दशकात मुंबईत माहुलला उभे राहिलेले दोन कारखाने त्या काळच्या ठरावीक तेलासाठी बांधले होते. पुढे जामनगर, वाडिनार, पारादीप येथे जे उभे राहिले, आणि जुन्या कारखान्यांत जी नवी यंत्रणा बसवली गेली, तिच्यामुळे व्हेनेझुएलाच्या डांबरासारख्या जड तेलापासून पश्चिम आफ्रिकेच्या हलक्या तेलापर्यंत बहुतेक प्रकारचे तेल गाळणे शक्य झाले. आज देशाची शुद्धीकरण क्षमता २५ कोटी टनांच्या पुढे आहे. भारताच्या परराष्ट्र धोरणाला तेलाच्या बाबतीत जी मोकळीक मिळाली आहे, तिचे श्रेय मी शिखर परिषदांपेक्षा या यंत्रणेला अधिक देईन, आणि ती बसवणाऱ्या अभियंत्यांचा उल्लेख परराष्ट्र धोरणावरच्या लिखाणात क्वचितच येतो याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे.

याच्या नेमकी उलट स्थिती १९६० मध्ये होती. सोव्हिएत युनियनने भारताला सवलतीच्या दरात, रुपयांत पैसे घेऊन कच्चे तेल देऊ केले, आणि खनिज तेल मंत्री केशवदेव मालवीय ते घ्यायला तयार होते. पण तेव्हा देशातले महत्त्वाचे शुद्धीकरण कारखाने बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांच्या मालकीचे होते. त्यांपैकी दोन मुंबईत, माहुल-तुर्भे भागात. त्यांनी रशियन तेल गाळण्यास नकार दिला. या दबावातून त्यांच्याकडून दरात थोडी सूट मिळाली, आणि सरकारने तयार पेट्रोलियम उत्पादने सोव्हिएत युनियनकडून आणून नव्या इंडियन ऑइलमार्फत विकण्याचा मार्ग धरला. अलिप्ततेचे धोरण आणि तेल देऊ करणारा मित्र दोन्ही होते, पण भट्टी आपली नव्हती. १९७० च्या दशकात या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच सुमारास १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय सापडले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल देशातच निघू लागले. तो काळ फार टिकला नाही. उत्पादन तिथेच घुटमळले आणि मागणी वाढत गेली.

आता इराण आणि रशिया. इराणचे तेल सोडण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला, पण त्याची तालीम २०१२ मध्येच झाली होती. त्या वर्षी निर्बंध कडक झाल्यावर आमच्यासारख्यांना आधी जाणवली ती पैशांची अडचण आणि पाठोपाठ विम्याची. डॉलरमध्ये पैसे पाठवणे शक्य राहिले नाही, कारण डॉलरचा प्रत्येक व्यवहार कुठे ना कुठे न्यूयॉर्कच्या बँकेला शिवून जातो. तेव्हा ४५ टक्के रक्कम रुपयांत, कोलकात्याच्या यूको बँकेतल्या खात्यात भरण्याची सोय झाली. यूको निवडण्याचे कारण असे की अमेरिकेत तिचे गुंतलेले हितसंबंध नगण्य होते. त्या रुपयांतून इराण बासमती, चहा, औषधे घेत असे. दुसरी अडचण अशी की जगातल्या बहुतांश जहाजांचा दायित्व विमा ज्या मोजक्या, मुख्यतः युरोपात बसलेल्या मंडळांकडे असतो, त्यांना युरोपीय संघाने जुलै २०१२ पासून इराणी तेलवाहू जहाजांना विमा देण्यास मनाई केली. टँकर फुटला तर किनाऱ्याच्या नुकसानीची भरपाई कोण करणार, या एका प्रश्नापायी जहाजे हलेनात. भारताच्या सरकारी विमा कंपन्यांनी मर्यादित रकमेचा विमा देऊ केला तेव्हा थोडी वाहतूक सुरू राहिली. २०१५ च्या अणुकरारानंतर हे सगळे सैल झाले आणि इराण पुन्हा आपल्या पहिल्या तीन-चार पुरवठादारांत आला.

पुढे अमेरिकेने निर्बंध पुन्हा लादले, त्यांतून भारताला दिलेली सवलत मे २०१९ मध्ये संपली आणि भारताने खरेदी शून्यावर आणली. या वेळच्या निर्बंधांची रचना अशी होती की, इराणचे तेल घेणारी कंपनी आणि तिला पैसे पोहोचवणारी बँक यांनाच अमेरिकी अर्थव्यवस्थेचे दार बंद व्हावे. ज्या तेल कंपनीला महिन्याला अब्जावधी डॉलरचे तेल इतर पंचवीस ठिकाणांहून घ्यायचे आहे, ती एका पुरवठादारासाठी डॉलरची वाट गमावणार नाही. तिचे संचालक मंडळ परराष्ट्र मंत्रालयाकडून पत्र येण्याचीही वाट पाहणार नाही. शिवाय तेव्हा अमेरिकेचे शेल खडकातले तेल बाजारात भरपूर होते आणि पर्यायी तेल सहज मिळत होते. इराण सोडण्याची किंमत तेलात फार पडली नाही. ती बासमतीच्या निर्यातदारांनी आणि चहाच्या व्यापाऱ्यांनी मोजली, कारण यूको बँकेतले रुपये आटले. आणि ती फरझाद-बी या वायुक्षेत्रात मोजली गेली, जे ओएनजीसी विदेशच्या नेतृत्वाखालील गटाने २००८ मध्ये शोधले होते आणि इराणने २०२१ मध्ये आपल्याच एका कंपनीला देऊन टाकले.

रशियावरचे २०२२ चे निर्बंध वेगळ्या हेतूने बेतलेले होते. पश्चिमी देशांना रशियाचे उत्पन्न कमी करायचे होते, पण रोजचे लाखो पिंप तेल बाजारातून नाहीसे होऊन दर भडकायला नको होते. म्हणून ५ डिसेंबर २०२२ पासून त्यांनी पिंपाला ६० डॉलरची किंमतमर्यादा घातली: या दराखाली विकलेल्या रशियन तेलाला पश्चिमी जहाज आणि विमा मिळेल, वर गेल्यास मिळणार नाही. तेल विकत घेणे हा गुन्हा नव्हताच. अमेरिकी अर्थखात्याचे अधिकारी तेव्हा भारताने हे तेल घेण्यास हरकत नसल्याचे उघडपणे सांगत होते, हे आता अनेकजण विसरतात. रशियन विक्रेते तेल भारताच्या बंदरात पोहोचवून देण्याच्या अटीवर विकत, म्हणजे जहाज आणि विमा त्यांचा. खरेदीदाराचे काम सोपे झाले. युद्धापूर्वी आपल्या आयातीत जेमतेम एक-दोन टक्के असलेला रशियाचा वाटा दोन वर्षांत एक तृतीयांशावर गेला. यात धैर्य किती आणि हिशेब किती, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की हिशेब बराच जास्त. धैर्य लागले ते संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानात तटस्थ राहून तो हिशेब बोलून दाखवण्यापुरते, आणि ते परराष्ट्र मंत्र्यांनी नीट निभावले.

अडचण पुन्हा पैशांचीच आली. २०२३-२४ मध्ये रशियाकडून आपली आयात ६० अब्ज डॉलरच्या पुढे होती आणि निर्यात सुमारे ४ अब्ज. अशा व्यापारात रुपयांत पैसे दिले तर त्या रुपयांचे विक्रेत्याने करायचे काय? मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्र मंत्री सर्गेई लावरोव यांनी भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साठून पडल्याची तक्रार पत्रकारांसमोरच केली. बराचसा व्यवहार मग अमिरातीच्या दिरहममध्ये होऊ लागला. रुपयाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाबद्दल जी भाषणे होतात, ती ऐकताना हा ६० आणि ४ चा हिशेब लक्षात ठेवावा.

माझ्या विधानाची सर्वांत स्वच्छ पडताळणी २०२५ मध्ये झाली. ऑगस्टमध्ये अमेरिकेने रशियन तेलाच्या कारणावरून भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर गेले. या शस्त्राची धार तेल कंपन्यांवर नव्हती. सवलतीच्या तेलाचा लाभ रिफायनऱ्यांना आणि दंड तिरुपूरच्या कापडवाल्यांना, आंध्रच्या कोळंबी उत्पादकांना, मुंबईच्या सीप्झमधल्या दागिने निर्यातदारांना, अशी ती रचना होती. खरेदी फारशी थांबली नाही, कारण खरेदी करणाऱ्याच्या ताळेबंदात तो दंड दिसतच नव्हता. ऑक्टोबरमध्ये मात्र अमेरिकेने रोसनेफ्ट आणि लुकऑइल या दोन कंपन्यांवरच थेट निर्बंध घातले, म्हणजे रशियाचा बराच मोठा भाग इराणच्या रांगेत आणून बसवला, आणि काही आठवड्यांतच चित्र बदलले. रिलायन्सने जामनगरच्या निर्यातप्रधान कारखान्यासाठी रशियन तेल थांबवल्याचे नोव्हेंबरात जाहीर केले. तिथे युरोपीय संघाच्या नव्या नियमाचाही दबाव होता, कारण रशियन तेलापासून बनलेले डिझेल घेण्यास युरोप नकार देणार होता. सरकार तेच, मैत्री तीच, वक्तव्येही जवळपास तीच होती. बदलली होती ती बँकेची जोखीम. २५ टक्के शुल्काने जे झाले नाही ते निर्बंधितांच्या यादीतल्या दोन नावांनी केले.

आता दुसरी बाजू, म्हणजे जिथे पुरवठादार बदलणे सोपे नाही. देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसपैकी, निम्म्याहून बराच अधिक भाग आयात होतो आणि त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास वर्षानुवर्षे आखातातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येत आला आहे. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून दहा कोटींवर जोडण्या दिल्या; चुलीपासून सुटका झालेल्या त्या प्रत्येक घराने आखाताशी आपले नाते अधिक घट्ट केले. कच्च्या तेलाचा साठा विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूगर्भातल्या गुहांत मिळून ५३.३ लाख टन मावतो, म्हणजे २०१९-२० च्या वापराच्या सरकारी हिशेबाने साडेनऊ दिवसांची गरज, आणि त्याशिवाय कंपन्यांच्या टाक्या असतात. एलपीजीचा साठा त्या मानाने तुटपुंजा असतो. उरणहून चाकण-शिक्रापूरकडे जाणाऱ्या वाहिनीत गॅस येत राहतो तो जहाजामागून जहाज लागत राहते म्हणून. नोव्हेंबर २०२५ मध्ये सार्वजनिक कंपन्यांनी २०२६ या वर्षासाठी अमेरिकेकडून २२ लाख टन एलपीजी घेण्याचा मुदत करार केला, तो आयातीच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे. त्यात आयातशुल्काच्या वाटाघाटी सुकर करण्याचा हेतू होताच, पण आखातावरचा भार किंचित हलका करण्याची गरजही खरी होती.

आखाताशी भारताचे वर्तन इतके सावध का असते, हे केवळ तेलातून उलगडत नाही. तिथे ९० लाखांच्या आसपास भारतीय राहतात आणि त्यांच्या पाठवलेल्या पैशांवर रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून केरळपर्यंतची घरे चालतात. १९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळल्यावर हे दोन्ही धागे एकदम ताणले गेले. इराक आणि कुवेत हे आपले मोठे पुरवठादार होते. तेलाचे दर दुपटीहून वर गेले. आणि कुवेतमधल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी घरी आणावे लागले. परराष्ट्र मंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादला जाऊन सद्दाम यांची गळाभेट घेतली, त्यावरून जगभर टीका झाली. पण माणसे तिथे अडकलेली असताना त्यांच्याकडे दुसरा फारसा मार्ग नव्हता. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिले, आणि देशात ओरड झाल्यावर ते थांबवले. परकीय चलनाचा साठा आटला, जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवावे लागले. ज्यांनी ते वर्ष तेल खात्यात काढले, त्यांच्यासाठी पश्चिम आशियात कोणा एकाची बाजू न घेण्याचे धोरण तत्त्वज्ञानाचा विषय राहिला नाही.

तेव्हापासून भारताने इस्रायलशी १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, अरब राजवटींशी व्यवहार वाढवला आणि इराणशीही तोडले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये नरेंद्र मोदी अमिरातीला गेले, तेव्हा भारतीय पंतप्रधानाची ती ३४ वर्षांतली पहिली भेट होती. इतक्या जवळच्या आणि इतक्या लागणाऱ्या देशाकडे इतकी वर्षे कोणी फिरकले नव्हते, हे मला आजही चमत्कारिक वाटते. जून २०१९ मध्ये ओमानच्या आखातात टँकरांवर हल्ले झाल्यावर नौदलाने भारतीय जहाजांना सोबत देण्यासाठी ऑपरेशन संकल्प सुरू केले. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात येमेनच्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने मार्लिन लुआंडा हा टँकर पेटला, तेव्हा आयएनएस विशाखापट्टणमच्या पथकाने आग विझवण्यास मदत केली. त्या टँकरवर माल होता रशियन नाफ्था, जहाज ब्रिटनशी संबंधित कंपनीचे आणि २३ जणांच्या ताफ्यात २२ भारतीय. ऊर्जेचे परराष्ट्र धोरण म्हणजे काय, ते त्या एका जहाजाच्या कागदपत्रांत वाचता आले असते.

नैसर्गिक वायू हा तेलाहून फार हट्टी माल आहे. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो, त्यासाठी विक्रेत्याकडे अब्जावधी डॉलरचा कारखाना लागतो आणि आपल्याकडे खास टर्मिनल. त्यामुळे करार २०-२५ वर्षांचे आणि माल उचला नाहीतर पैसे भरा अशा अटीचे असतात. महाराष्ट्राला याचा पहिला धडा दाभोळने दिला. एन्रॉनच्या प्रकल्पात ओमान आणि अबू धाबीहून वायू आणण्याचे करार होते, पण राज्य वीज मंडळाला ती वीज परवडेना आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. तेव्हा थकबाकीचा विषय अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी भारतीय नेत्यांसमोर काढण्यापर्यंत गोष्ट गेली. एका राज्याच्या वीजदराचा वाद दोन देशांमधला झाला. टर्मिनल प्रत्यक्षात चालू व्हायला २०१३ उजाडले.

कतारचे उदाहरण याच्या उलट आणि अधिक शिकण्यासारखे आहे. पेट्रोनेट या वायू आयात करणाऱ्या भारतीय कंपनीने १९९९ मध्ये केलेल्या २५ वर्षांच्या करारानुसार २००४ पासून गुजरातमधल्या दहेज बंदरात वायू येऊ लागला, पुढे तो वर्षाला ७५ लाख टनांवर गेला. २०१४-१५ मध्ये तेलाचे दर कोसळले, पण करारातले सूत्र पाच वर्षांच्या सरासरीवर बेतलेले असल्याने आपण बाजारापेक्षा जवळजवळ दुप्पट दर मोजत होतो. पेट्रोनेटने ठरलेल्या मालापैकी दोन तृतीयांशच्या आसपास उचल केली, म्हणजे करारभंगच. कतारला सुमारे १२ हजार कोटी रुपयांचा दंड मागता आला असता. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस त्यांनी दंड सोडला, सूत्र तीन महिन्यांच्या सरासरीवर आणले, आणि बदल्यात भारताने वर्षाला आणखी १० लाख टन घेण्याचे मान्य केले. हे औदार्य नव्हते. बाजारात वायू मुबलक होता आणि कतारला माहीत होते की पुढची तीस वर्षे मागणी वाढणार असलेला ग्राहक हाच आहे. वाढत्या अर्थव्यवस्थेची भूक दुबळेपणा असते तशी ती सौद्यातली ताकदही असते. फक्त ती बाजारात माल जास्त असतानाच कामाला येते. मार्च २०२१ मध्ये माल कमी असताना भारताने तेलउत्पादक देशांना उत्पादन वाढवण्याची विनंती केली, तेव्हा सौदी ऊर्जा मंत्र्यांनी आधीच्या वर्षी स्वस्तात भरून ठेवलेले तेल वापरा, असे सांगून विषय संपवला होता.

कतारचा करार ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात बेतुल येथे भरलेल्या ऊर्जा सप्ताहात २०४८ पर्यंत वाढवला गेला. त्याच्या आठवडाभरातच कतारमध्ये आधी मृत्युदंड ठोठावलेल्या आठ माजी भारतीय नौदल कर्मचाऱ्यांची सुटका जाहीर झाली. या दोन घटनांची थेट सांगड घालणारे बरेच लिहितात. मी तशी सांगड घालणार नाही, कारण एवढा मोठा वायुकरार वर्ष-दीड वर्ष चालणाऱ्या वाटाघाटींतून येतो. पण ज्या देशांमध्ये दर आठवड्याला मालाचे जहाज ये-जा करते, त्यांच्या अधिकाऱ्यांकडे एकमेकांचे दूरध्वनी उचलण्याचे कारण असते, एवढे मात्र निश्चित म्हणता येईल.

आणि २०२२ मध्ये, रशियाचे तेल स्वस्तात भरभरून येत असतानाच, रशियाच्या गॅझप्रॉमशी ‘गेल’ या सार्वजनिक वायू कंपनीने केलेल्या २० वर्षांच्या करारातला वायू येणे थांबले. करार ज्या उपकंपनीशी होता, तिच्या जर्मन पालक कंपनीचा ताबा जर्मन सरकारने घेतला होता, आणि तिने तो वायू भारताकडे पाठवला नाही. गेलने लंडनच्या लवादात दाद मागितली आणि जानेवारी २०२५ मध्ये २८ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तेलाचे जहाज दुसऱ्या दिवशी दुसरीकडून बोलावता येते. वायूच्या बाबतीत त्या वर्षी युरोप कोणताही दर द्यायला तयार असताना आपल्याकडच्या खत कारखान्यांची आणि वायूवरच्या वीजकेंद्रांची ओढाताण झाली, आणि रशियाशी असलेली मैत्री तिथे उपयोगी पडली नाही.

इराण-पाकिस्तान-भारत वायुवाहिनीबद्दलही विचारले जाते. जमिनीवरची नळवाहिनी म्हणजे सर्वांत पक्की बांधिलकी, आणि हीच तिची अडचण होती. २००५ मध्ये मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री असताना तिचा हिरिरीने पाठपुरावा झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेशी नागरी अणुसहकार्याची घोषणा झाली आणि सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध मत दिले. जानेवारी २००६ मध्ये अय्यर यांच्या जागी मुंबईचे मुरली देवरा आले. वाटाघाटी आणखी काही वर्षे दर आणि सुरक्षा यांवर रेंगाळल्या आणि विरल्या. भारताने इथे एक ऊर्जा देऊन दुसरी घेतली असे म्हणता येते, आणि माझ्या मते सौदा गैर नव्हता. वाहिनीचा व्हॉल्व्ह पाकिस्तानात असता, हे विसरून चालत नाही.

अणुइंधनाची गरज वजनाने क्षुल्लक, बांधिलकी मात्र सर्वांत कठोर. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने बांधून दिल्या, १९६९ मध्ये त्या सुरू झाल्या आणि त्यांचे समृद्ध युरेनियम अमेरिकाच देणार होती. १९७४ ची पोखरणची चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि पुरवठा अडला. १९८२ मध्ये फ्रान्सने ती जागा घ्यायचे मान्य केले, नंतर चीनने आणि रशियानेही इंधन दिले. मुंबईपासून शंभर किलोमीटरवरच्या दोन भट्ट्या चालत्या ठेवण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने तीन दशके दारे ठोठावली. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार गटाने सूट दिल्यावर कझाकस्तान, रशिया आणि पुढे कॅनडाकडून युरेनियम येऊ लागले. ते महत्त्वाचे यश होते. नव्या परदेशी भट्ट्यांचे मात्र तसे झाले नाही. जैतापूरला फ्रान्सच्या सहा भट्ट्यांचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या भेटीत ठरला, आणि अपघातातील दायित्वाचा कायदा, विजेचा दर आणि स्थानिकांचा विरोध यांत वर्षानुवर्षे अडकला.

कोकणानेच आणखी एक गोष्ट दाखवली. २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबू धाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीने रत्नागिरीत वर्षाला ६ कोटी टनांच्या रिफायनरीत भागीदारीचे करार केले. तेल विकणाऱ्या देशांना पुढच्या अर्धशतकासाठी पक्के गिऱ्हाईक हवे होते, आपल्याला त्यांचा पैसा त्यांच्या तेलाशी बांधलेला हवा होता. दोन राजघराण्यांनी मान्य केलेली ही योजना राजापूर तालुक्यातल्या सातबाऱ्यांवर थांबली. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली आणि बारसूलाही २०२३ मध्ये विरोध उसळला. गावकऱ्यांच्या आक्षेपांत तथ्य किती हा वेगळा विषय आहे. पण परराष्ट्र धोरण दिल्लीत आखले जाते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शेजाऱ्यांच्या संदर्भात भूमिका उलटी होते, कारण तिथे पुरवठादार आपण असतो. २०१५ च्या अखेरीस सीमेवरची वाहतूक अडली आणि नेपाळमध्ये पेट्रोल-गॅससाठी हाहाकार झाला. नाकेबंदी केल्याचे भारताने नाकारले, पण नेपाळी माणसाचे मत बनून गेले, आणि मार्च २०१६ मध्ये काठमांडूने चीनशी पारगमन करार केला. २०१९ मध्ये मोतिहारी-अमलेखगंज तेलवाहिनी सुरू होऊन पुरवठा सुधारला. ज्या परावलंबनाची आपण आखातात चिंता करतो, तेच आपल्याबाबतीत इतरांना वाटते.

शेवटी सौरऊर्जेबद्दल, कारण प्रश्नात ती सर्व चिंता संपवेल का असेही विचारले आहे. सौरपट्ट्यांसाठी लागणारे पॉलिसिलिकॉन आणि वेफर यांत चीनचे वर्चस्व आहे, तरी हे परावलंबन तेलासारखे नाही. चीनने उद्या निर्यात रोखली तरी बसवलेल्या पट्ट्या पुढची वीस-पंचवीस वर्षे वीज देत राहतील. अडेल ती नवी उभारणी. बांधिलकी चालू वापराशी नाही, वाढीच्या वेगाशी आहे. विद्युत वाहनांच्या मोटारींतल्या दुर्मिळ मृदा चुंबकांचे तसे नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि काही आठवड्यांतच भारतीय वाहन उद्योगाची साठ्याबद्दल धावपळ सुरू झाली. सार्वजनिक क्षेत्रातल्या काबिल या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमचे पाच पट्टे शोधकामासाठी घेतले आहेत, पण त्यातून माल यायला वेळ आहे, आणि खाणीपेक्षा शुद्धीकरणाची क्षमता हा खरा अडसर आहे, जशी १९६० मध्ये तेल गाळण्याची भट्टी होती. ती क्षमता देशात उभी राहीपर्यंत चुंबकांचा विषय सीमेवरच्या सैन्यमाघारीच्या चर्चांबरोबरच बीजिंगशी बोलावा लागणार आहे, आणि तिथे आपल्याकडे बदली पुरवठादारांची पंचवीस नावांची यादी नाही.